आडवे पट्टे, उभ्या रेघा

लोणावळ्यात आषाढात लोकरीची पेटी उघडायची नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस जिथे पडतो, तिथे एकदा ओल धरलेली लोकर गणपती येऊन जाईपर्यंत वाळत नाही, आणि डांबरगोळ्यांचा वास मात्र ताटातल्या भातापर्यंत पोचतो. यंदा हा नियम पाहुणीने मोडला.

पाहुणी म्हणजे आत्यांची भाची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. नात्यातली सगळी मुलं त्यांना आत्या म्हणतात, तेव्हा लग्नानंतर महिन्याभरात मीही म्हणू लागले. त्यांनी तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यात आठवड्याचे दोन तास शिवण-विणकामाचे. भाची बॉस्टनला असते. तिचा नऊ वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो, आणि त्याच्यासाठी तिला शंभर वर्षांपूर्वीच्या बेसबॉलच्या गणवेशासारखा स्वेटर विणायचा आहे. सायीच्या रंगाचा, अंगभर बारीक निळ्या उभ्या रेघा, छातीवर एक मोठं अक्षर. जोडीला गुडघ्यापर्यंतचे लाल मोजे. तिला स्वतःला फक्त मफलर येतो. म्हणून सुट्टीत सुया घेऊन ती थेट आमच्याकडे तुंगार्लीला आली.

दोन दुपारी दोघींचं जे चाललं होतं ते मी वाल सोलता सोलता ऐकलं. आठवतं तसं लिहिते. मधली माझी लुडबुड कंसात आहे.

आत्या: खेळायला जातो म्हणजे त्यांनी कपडे दिले असतीलच की.

भाची: दिलेत. पॉलिएस्टरचे. धुतले की अर्ध्या तासात वाळतात.

आत्या: आणि ते सोडून तू लोकर घेऊन बसलीस? लोणावळ्यात? जुलैत?

भाची: अगं, जुन्या फोटोंतले खेळाडू बघ. जाड, ढगळ, खांद्यावरून उतरलेले कपडे. माणसांसारखे दिसतात. आताचे जाहिरातीसारखे दिसतात.

आत्या: ते आपल्याकडेही तसंच आहे. यात्रेच्या दिवसांत टेनिस बॉलचे सामने बघ. पाठीवर पोराचं नाव, पोटावर भावी सरपंचाचा फोटो. पण तो त्यांचा गणवेश आहे. त्यांनी पैसे काढून मागवला, त्यांनीच घामाने भिजवला. तू म्हणतेस तो कुणाचा? आपल्यात कोण खेळलंय तो खेळ?

भाची: माझा मुलगा खेळतोय.

आत्या: शंभर वर्षांपूर्वी नव्हता खेळत.

(इथे भाची गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण ती वकिलाची मुलगी.)

भाची: आणि तू बाबांना विणलास तो? पांढरा, व्हीचा गळा, अंगावर वेण्या, गळ्याला मरून पट्टी. तो काय मावळातला? तो थेट लॉर्ड्सवरून आलेला. एमसीसीचे लाल-पिवळे पट्टे काढून तू कॉलेजचा रंग घातलास, एवढंच.

आत्या: त्याला थंडी होती. डिसेंबरात सकाळी पुण्याच्या मैदानावर उभी राहा म्हणजे कळेल. साडेदहापर्यंत अंगात, मग काढून अंपायरच्या कमरेला. कामाचा स्वेटर होता तो.

भाची: एप्रिलमध्ये बॉस्टनला सकाळी चार-पाच अंश असतात. तिथेही कामाचाच आहे. आणि आपलं-परकं काढायचं तर आजोबा स्वेटरला काय म्हणायचे?

आत्या: जरसी.

भाची: जर्सी हे इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातलं बेट. विणलेल्या अंगरख्यांना त्या बेटाचं नाव पडलं. शेजारचं बेट गर्न्सी. त्याचा आपण गंजीफ्रॉक केला.

(हे मला माहीत नव्हतं. माझे सासरे जन्मभर गंजीफ्रॉकवर जेवले आणि बाहेरच्या देशाचं काही अंगाला लावून घेणार नाही, असं त्याच पोशाखात बसून सांगायचे. आमच्याकडे दूध येतं ते कामशेतकडच्या एका गोठ्यातून, तिथली गायही जर्सी. माझ्या वर्गातल्या तिघी न्यू जर्सीत आहेत. त्या बेटाने आपल्याला चांगलंच घेरलं आहे.)

आत्या: बरं, शब्दांचं राहू दे. शब्द कुठूनही येतात. आमची माकडटोपी क्रिमियाच्या लढाईतून आली, बॅलाक्लाव्हा गावावरून. रॅगलन बाही त्याच लढाईतल्या लॉर्ड रॅगलनची. त्याचा एक हात वॉटर्लूला गेला होता. कार्डिगनही त्याच लढाईतल्या दुसऱ्या लॉर्डाचं. एका लढाईने विणकामाचं अर्धं पुस्तक भरलं, हे मी मुलींना दरवर्षी सांगायची. पण माकडटोपी तुझे आजोबा घालायचे ते कान दुखायचे म्हणून. लढाईत होतो असं दाखवायला नव्हे. मावळात लोकर म्हणजे मुळात घोंगडी. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सणगरांनी विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची. आवणीच्या वेळी डोक्यावर इरलं नसेल तर घोंगडीची खोळ. भिजली तरी ऊब देते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पिऊनही अंगाला ओली लागत नाही, म्हणून ती. जुन्यासारखी दिसावी म्हणून घोंगडी कुणी विणली नाही.

भाची: आता विणतात. शहरात सोफ्यावर टाकायला मिळते.

आत्या: ते मला सांगू नकोस.

पहिली दुपार इथे थांबली, कारण वीज गेली. दुसऱ्या दिवशी भाचीने पिशवीतून बेसबॉलचा चेंडू काढला. माझ्या मुलासाठी आणला होता, पण तो आत्यांच्या हातात आधी गेला. त्यांनी चष्मा लावला आणि शिवण नखाने चाचपली.

आत्या: हा टाका यंत्राचा नाही.

भाची: नाही. अमेरिकेतल्या मोठ्या साखळी स्पर्धेचे चेंडू कोस्टा रिकात बायका-माणसं हाताने शिवतात. लाल दोरा, दोन सुया, १०८ दुहेरी टाके.

आत्या: १०८?

भाची: मोजून.

(आत्यांनी मोजले. मध्येच फोन आला, पुन्हा पहिल्यापासून मोजले. जपमाळेचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही, पण आत्यांचा अंगठा मण्यावरून सरकावा तसा सरकत होता.)

भाची: आणि हा कापला तर आत काय निघेल? लोकर. मधे बुचाचं आणि रबराचं बोंड, त्यावर जवळजवळ २०० मीटर लोकरीचा दोरा गुंडाळलेला, वर कातडं. म्हणजे हा लोकरीचाच खेळ आहे, आत्या. अंगावर लोकर, पायात लोकर, चेंडूत लोकर.

आत्या: हं. पायात लोकर ठीक. अंगावरचा तो जुना गणवेश विणलेला होता ना?

भाची: हो. म्हणजे, विणलेला.

आत्या: सुयांवर की मागावर?

(मराठीची ही गोची आहे. घोंगडी विणतात, पैठणी विणतात, खाट विणतात, स्वेटरही विणतात. एकच क्रियापद, आणि कामं अगदी वेगळी. मागावर दोन धागे एकमेकांना काटकोनात ओलांडतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा जातो, म्हणून एक टाका सुटला की ओळीमागून ओळी उसवत जातात. हा प्रश्न आत्यांनाच सुचू शकतो.)

भाची: मागावर. फ्लॅनेल होतं ते, लोकरीचं. शिंप्याने बेतून शिवलेलं. १८४९ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाने ठरवला तो पहिला गणवेश: निळी लोकरी विजार, पांढरा फ्लॅनेलचा शर्ट, डोक्याला गवती हॅट. पुढे सव्वाशे वर्षं फ्लॅनेलच. भर उन्हाळ्यातसुद्धा. १९७० च्या जुलैत पिट्सबर्गच्या संघाने पहिल्यांदा ते सोडलं.

आत्या: आणि काय घातलं?

भाची: (जरा थांबून) डबल निट.

आत्या: निट म्हणजे?

भाची: यंत्राच्या सुयांवर विणलेलं.

आत्या: म्हणजे चमकतं म्हणून तू ज्याला नावं ठेवतेस ते विणलेलं, आणि ज्याच्यावर तुझा जीव जडलाय ते विणलेलंच नाही. मग तू विणणार काय? सुयांवर बसून कापडाची नक्कल?

भाची: नक्कल म्हण. पण रेघा फार सुंदर दिसतात गं.

आत्या: ये, हिशेब करू. मुलाची छाती २८ इंच, ढगळ हवा म्हणून ३० धर. पुढचा भाग १५ इंच. चार पदरी लोकर, दहा नंबरच्या सुया, इंचाला सात टाके. १०५ टाके झाले. दर सातवा निळा म्हणजे १५ रेघा. दर ओळीत १५ वेळा निळा दोरा उचलायचा, १५ वेळा सोडायचा, मधल्या सहा टाक्यांमागून ओढत न्यायचा. सैल राहिला तर मुलाचं बोट अडकणार, ताणला तर अंग आकसणार. आतून दोऱ्यांचं जाळं. दुप्पट लोकर, दुप्पट वजन. मागावर हीच रेघ फुकट असते. उभ्या धाग्यांत एक निळा भरला की थान संपेपर्यंत रेघ आपोआप चालते. सुयांचं काम आडवं चालतं. सुयांना फुकट मिळतो तो आडवा पट्टा. ओळीच्या सुरुवातीला रंग बदलला की झालं.

भाची: मग बाबांच्या स्वेटरवरच्या वेण्या उभ्या कशा?

आत्या: वेणी रंगाने उभी राहत नाही, टाक्यांनी राहते. तीन टाके बिनविणलेले तिसऱ्या सुईवर घ्यायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग ते. ती सुयांची स्वतःची गंमत आहे, मागाला जमत नाही. तुला उभी रेघच हवी तर दर सातवा टाका उलट घाल. सुलटमध्ये एक उलट. बारीक पन्हाळी पडेल.

भाची: ती निळी दिसणार नाही.

आत्या: नाही दिसणार.

भाची: त्या पन्हाळीत मागून क्रोशाच्या सुईने निळी साखळी ओढली तर?

आत्या: जमेल. पण ते विणल्याचं सोंग झालं.

भाची: आणि आडवे पट्टे म्हणजे सत्य? सुयांना जे सोपं जातं तेच खरं, असं का? ज्याने कुणी पहिली वेणी घातली त्याला तरी सोपं गेलं असेल का?

(हा मुद्दा मला पटला. आत्यांनाही पटला असावा, कारण त्यांनी विषय बदलला. मी मध्येच विचारलं, या रेघा नक्की कुठल्या संघाच्या?)

भाची: पुष्कळांच्या होत्या. पण प्रसिद्ध झाल्या न्यूयॉर्कच्या यांकीजमुळे. १९१५ पासून त्यांच्या घरच्या गणवेशावर कायम आहेत.

(आणि मुलगा बॉस्टनचा? मी म्हटलं. या दोन शहरांचं जमत नाही हे मलासुद्धा ठाऊक आहे.)

आत्या: अगं बाई. म्हणजे पुण्याच्या पोराला मुंबईची टोपी! दि. ब. देवधरांनी १९४० साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ काढल्या, त्या गावच्या पोराला! तो घालेल तरी का? त्याला विचारलंस?

भाची: नाही विचारलं. मला सुंदर दिसतात म्हणून...

आत्या: मोज्यांचं बोल. मोजे तरी सुयांवरचे ना?

भाची: मोजे पक्के विणलेले. आणि खरी गोष्ट मोज्यांचीच आहे. १८६८ मध्ये सिनसिनाटीच्या संघाने लांब विजार सोडून गुडघ्यापर्यंतची आखूड विजार घेतली. खाली लाल मोजे उघडे पडले, आणि संघाचं नावच पडलं रेड स्टॉकिंग्ज. पुढच्या वर्षी हाच संघ उघडउघड सगळ्यांना पगार देणारा पहिला संघ झाला. त्याला घडवणारा हॅरी राइट मूळचा क्रिकेटवाला. जन्म इंग्लंडात शेफील्डचा, बाप न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबाचा पगारी क्रिकेटपटू. १८७१ साली राइट बॉस्टनला आला तेव्हा मोज्यांचं नावही बरोबर घेऊन आला. आताचे रेड सॉक्स १९०८ च्या मोसमापासून तेच नाव लावतात. पोराचा संघ म्हणजे शब्दशः मोजा आहे.

आत्या: आणि पट्टे?

भाची: मोज्यांवर? (हसून) आडवे.

आत्या: बघ.

भाची: आणखी एक. ते लाल मोजे पुढे तळव्याला उघडे करत गेले, नुसता पट्टा पावलाखालून. आत पांढरा मोजा. कारण बुटाला खिळे असायचे, पायाला जखम व्हायची, आणि रंगवलेल्या लोकरीचा रंग जखमेत उतरला की ती चिघळते अशी धास्ती होती.

आत्या: कच्चा रंग. धास्ती कसली, बरोबरच आहे. तू आणलेला हा लाल पक्का आहे का?

भाची: असेल की.

आत्या: असेल की म्हणून लाल लोकर पांढऱ्याशेजारी घालत नाहीत.

आत्यांनी लाल लोकरीचा हातभर तुकडा तोडला, गरम पाण्यात बुडवला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून खिडकीच्या गजाला बांधला. मग पुन्हा बसल्या. आता सूर वेगळा होता.

आत्या: फोटोत माणसांसारखे दिसतात म्हणालीस ना काल. एक सांगते. बाळू पालवणकर पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळायचे. मैदानात सगळ्यांचे कपडे पांढरे, सारखे. चहाच्या सुट्टीत मात्र जातीपायी यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यातून. हाच माणूस १९११ साली इंग्लंडला गेला आणि दौऱ्यात ११४ बळी घेतले. जुन्या फोटोत स्वेटर दिसतो. ते भांडं दिसत नाही.

भाची: तिकडेही तेच. काळ्या खेळाडूंचे संघ वेगळे, साखळ्या वेगळ्या. फ्लॅनेल मात्र तेच. १९४७ च्या १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला तेव्हा दार उघडलं. आणि सगळ्यात शेवटी उघडलं ते कुणी, ठाऊक आहे? बॉस्टनने. १९५९ साली.

आत्या: तुझ्या मोज्यांनी.

भाची: माझ्या मोज्यांनी.

आत्या: मग छातीवर कुणाचं अक्षर घालणार?

भाची: त्याच्या नावाचं घालू.

(मुलगा कुरकुरणार हे तिघींनाही कळत होतं. नऊ वर्षांच्या पोराला आपलं नाव नको असतं, संघाचं हवं असतं. गणवेश असतो तो त्यासाठीच.)

पावसाने जोर धरला होता. लोणावळ्यात असा कोसळताना तीस किलोमीटरवर तळेगावला अंगण कोरडं असू शकतं. आत्या आत गेल्या आणि पेटीच्या तळातून भावाचा स्वेटर घेऊन आल्या. पांढरा आता ताकासारखा झालेला. दोन वेण्यांच्या मधे कसरीने भोकं पाडलेली.

भाची: हा! आत्या, हा मला दे. असाच. हे तर खरं व्हिंटेज.

आत्या: म्हणजे जुनं ना? आपल्याकडे जुन्याला बोहारीण असते.

भाची: मी काचेच्या चौकटीत लावीन.

आत्या: काचेत? लोकर काचेत? हा उसवायचा. लडी करायची, धुवायची, खाली वजन बांधून टांगायची म्हणजे वळ्या जातात. तुझ्या मुलाचं अंग यात आरामात निघेल. आजोबांच्या स्वेटरचा नातवाचा स्वेटर, याच्याहून जुनं काय पाहिजे तुला?

भाची: पण वेण्या जातील! तुझ्या हातच्या वेण्या आहेत त्या.

आत्या: माझे हात आहेत ना अजून.

(या वादात मी कुणाच्या बाजूची, हे मला आजही सांगता येत नाही. भाचीला आकार राखायचा होता, आत्यांना लोकर. दोघीही त्यालाच जुनं म्हणत होत्या. एवढं मात्र दिसलं, की ऐंशीची बाई उसवायला तयार होती आणि चाळिशीची रडकुंडीला आली होती.)

शेवटी गळ्याच्या पट्टीपासून सुरुवात झाली. कात्रीचं टोक आत्यांनी लावलं, धागा भाचीने ओढला. हातभर आला आणि तुटला. पुन्हा टोक शोधलं, पुन्हा हातभर, पुन्हा तुटला. कसरीने नुसती भोकं पाडली नव्हती, ठिकठिकाणी धागा कुरतडून ठेवला होता. अर्ध्या तासात गळा आणि एक खांदा उसवला, आणि मांडीवर गुंड्याऐवजी तुकड्यांचा ढीग झाला.

आत्या: याचं अंग निघत नाही. इतक्या गाठी आत घेतल्या तर टोचतील.

भाची: मग थांबूया ना. उरलेला राहू दे.

आत्या: मोज्याचा घेर किती?

भाची: पोटरीला अकरा इंच.

आत्या: अकरा सत्ते सत्याहत्तर, वर तीन म्हणजे चाराने भाग जातो. ८० टाके. दोन सुलट, दोन उलट. दुतोंडी सुया आणल्यास ना? यातल्या लांब तुकड्यात एक ओळ बसेल. चार ओळींचा एक पट्टा. लाल अंग, त्यावर हे पट्टे.

भाची: आणि स्वेटर?

आत्या: त्याच्या रेघा तुझ्या तू घाल. मी टाच वळवायला शिकवते.

तुटके तुकडे लांबीप्रमाणे लावायचं काम माझ्याकडे आलं. वाल बाजूला ठेवले. खांदा नसलेला स्वेटर भाचीने घडी करून आपल्या बॅगेत टाकला, आणि आत्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

टाके अजून घातलेले नाहीत. त्या लाल लोकरीचा रंग उतरतो की नाही हे पाहिल्याशिवाय आत्या पांढऱ्याला हात लावू देत नाहीत, आणि खिडकीच्या गजाला बांधलेलं फडकं आज चौथ्या दिवशीही वाळलेलं नाही.